नकाशातली विहीर

चांदपाशांचं पत्र मला दिवाळीनंतरच्या आठवड्यात मिळालं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांतही झाली. पत्र आंतर्देशीय होतं, त्यावर तीर्थपुरीच्या टपालाचा शिक्का होता आणि अक्षर त्यांच्या नातीचं, कहकशाचं होतं. चांदपाशा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोडरोलर आणि खडीच्या क्रशरजवळ जन्म गेल्यामुळे त्यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून ते पत्र लिहवून घेतात. मला ऐकू येतं, तरीही मी पत्रच बरं समजतो. समोर माणूस असला की मला शब्द सुचत नाहीत. कागदावर सुचतात, पण मग ते बरोबर आहेत का, असा संशय येत राहतो.

पत्र लहानसं होतं.

‘ट्रेसरसाहेब, सलाम. मालूम झालं की फाट्याचा पूल पाडणार आणि बाजूनं कच्चा रस्ता काढून राह्यले. तुम्हाला ती विहीर याद असेल. मला विहीर याद हे, पण ती कोणत्या अंगाला होती ते बराबर याद न्हाई. जालन्याकडच्या का अंबडकडच्या? नकाशा तुम्ही काढला होता. आमचा आमेर त्याच रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या नेतो. तुम्ही साहेब लोकांना सांगा आणि मला दोन ओळी लिहा. मी सांगितलं तर माझं कोण ऐकल?’

खाली कहकशाने आपल्या मनाने आजोबांबद्दल एक ओळ घातली होती : ‘दादा रोज पोस्टमनला विचारतात.’

मी ते पत्र एका जाड पुस्तकात ठेवून दिलं.

चिंचखेडी फाटा माझ्या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. तिथे मोठा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. जालन्याहून अंबडला येणारा रस्ता आणि त्याच्या कडेचा नाला हे दोन्ही त्या रस्त्याच्या पुलाखालून जातात. पूल १९८२ साली झाला. आता तो अरुंद पडतो. म्हणून तो पाडून तिथे रुंद पूल आणि चारही बाजूंना चढण्या-उतरण्याचे गोल रस्ते करायचं काम सुरू झालं आहे.

पूल झाला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि त्या कामावर ट्रेसर होतो. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. स्वतःच्या डोक्याने एक रेघही काढायची नाही. मला ते काम मानवलं. चांदपाशा तिथे मजुरांचे मुकादम होते.

पुलाच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर, भरावाच्या पायथ्याशी एक विहीर होती. चाळीस फूट खोल, घडीव दगडांची, तोंड नऊ फुटांचं. जमीन रस्त्यात गेली तशी तीही गेली. होळी चार दिवसांवर आली होती, तरी विहिरीत पुरुषभर पाणी होतं. ती बुजवायच्या दिवशी जुन्या मालकीणबाई, गोजरबाई, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. त्यांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ पाण्यात सोडला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “बुजवा बापांनो. सरकारचं काम हे, तुमचा काय दोष. पण झरा जिता हे. जित्या पाण्यावर पहिली पाटी ज्यानं टाकली त्याचा वंश बुडतो, एवढं ध्यानात ठेवा. मी सांगायचं काम केलं.”

त्या गेल्या आणि मजूर खाली बसले. प्रत्येकाला लेकरं होती. चांदपाशा म्हणाले, “मला पाच हेत. मी न्हाई टाकत.” थोड्या वेळाने कोणीतरी माझ्याकडे पाहिलं.

“ट्रेसरसाहेबाचं लगीनच व्हायचंय. वंशच न्हाई तर बुडल काय?”

सगळे हसले. मुरमाने भरलेली पाटी माझ्या हातात आली. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं. तोवर मी बरीच पुस्तकं वाचलेली होती आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं चारचौघांत सांगतही असे. मी पाटी खाली ठेवली.

मग चांदपाशांनी तोड काढली. मोरीसाठी ओतलेल्या अकरा फुटी स्लॅबांपैकी काही उरल्या होत्या. पाइपांवरून सरकवत, पहारींनी ढकलत त्यांनी विहिरीच्या तोंडावर नऊ स्लॅबा शेजारीशेजारी बसवल्या आणि वर तीन फूट मुरूम टाकला. विहीर बुजवली नाही, झाकली. तीन दिवसांनी साहेब आले. सपाट जमीन पाहून म्हणाले, “झाली का बुजवून?” चांदपाशांनी माझ्याकडे पाहिलं, मी नाल्याकडे पाहिलं. “झाली साहेब,” चांदपाशा म्हणाले. साहेबांनी मला ती नकाशात दाखवायला सांगितली. मी एक वर्तुळ काढलं, त्यात फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘बुजविलेली विहीर’.

भरावाच्या पायथ्याशी कोण कशाला जाणार, असं आम्हाला वाटलं. आणि खरोखरच त्रेचाळीस वर्षं तिथे बाभळींशिवाय कोणी उभं राहिलं नाही.

चांदपाशांचं पत्र आल्यावर मी काहीच केलं नाही, असं नाही. नीट पाहून मगच लिहावं, म्हणून फाट्यावर गेलो. बाभळी तोडून झाल्या होत्या आणि वळणरस्त्यासाठी जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. रेघा जालन्याकडच्या अंगाला होत्या. माझ्या आठवणीतली विहीरही जालन्याकडेच होती. पण घरी येता येता मी असा विचार केला : या लोकांकडे नकाशा असणार. नकाशात विहीर दाखवलेली आहे. ती टाळूनच त्यांनी रस्ता आखला असणार. म्हणजे विहीर अंबडकडच्या अंगाला आहे आणि माझी आठवण चुकते आहे. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा की चोवीस वर्षांच्या माणसाच्या शाईवर? मी शाईवर ठेवला.

मग चांदपाशांना काय लिहायचं? ‘आठवत नाही’ असं लिहिलं तर त्यांची काळजी तशीच राहणार. ‘अंबडकडे आहे, निर्धास्त राहा’ असं लिहिलं आणि ते खोटं निघालं तर? मी रोज फिरायला त्याच बाजूला जाऊ लागलो आणि पत्र तसंच राहिलं.

जानेवारीत वळणरस्ता सुरू झाला आणि पुलावर काम लागलं. आधी कठडे उतरवले, मग डांबराचा थर खरवडला. मग हिऱ्याच्या तारेची करवत आली. तिच्यावर सतत पाणी सोडतात आणि ती लोण्यातून दोरा ओढावा तसं काँक्रीट कापत जाते. कापलेले तुकडे एका बाजूला पोकलेनचा ब्रेकर फोडत होता. खालचे लांब गर्डर मात्र फोडायचे नव्हते. ते उचलायला मोठी क्रेन यायची होती.

खालच्या वळणरस्त्यावर नाल्यात सिमेंटचे पाइप टाकले होते आणि तेवढ्या तुकड्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाऊ शकत. ती वाहतूक भागवत नावाचा माणूस सांभाळत होता. तो राजूरकडचा, चाळिशीचा, गळ्यात शिट्टी. दोन टोकांना झेंडेवाले होते, पण वळणामुळे त्यांना एकमेक दिसत नसत. म्हणून भागवतने एक लाल दांडा केला होता. एका बाजूच्या चाळीस गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या ड्रायव्हरच्या हातात दांडा द्यायचा. तो दांडा पलीकडे पोचला, की तिकडच्या गाड्या सुटायच्या. पहिल्याच आठवड्यात एक ट्रॅक्टरवाला दांडा सीटखाली ठेवून थेट आपल्या गावाला गेला आणि दोन्ही टोकं एकमेकांची वाट पाहत पाऊण तास उभी राहिली. त्यानंतर भागवतने दांड्यावर स्वतःचा मोबाइल नंबर रंगवला.

एके सकाळी धीर करून मी भागवतजवळ गेलो.

“काय बाबा, धुळीची तक्रार का?”

“नाही. एक विचारायचं होतं.”

“मंग भिंत तडकली आसल.”

“भिंत ठीक आहे.”

“बोअर आटला? ते आमच्यामुळं न्हाई बरं का. तिकडं बोर्डावर नंबर हे, लावा फोन.”

मी त्याला विचारलं की, दांड्याची कल्पना कोणाची. तो खूश झाला. दहा मिनिटं मला दांड्याबद्दल सांगत राहिला. मी ऐकून घेतलं आणि घरी आलो.

त्याच दुपारी सुरेखाला, माझ्या बायकोला, पुस्तकं झटकताना ते पत्र सापडलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, मग माझ्या समोर येऊन मोठ्याने वाचलं.

“हे दिवाळीचं पत्र हे?”

“दिवाळीनंतरचं.”

“‘दादा रोज पोस्टमनला विचारतात.’ आन तुम्ही इथं पुस्तकात दाबून ठेवलं! मोरपीस हे का ते, पिल्लं व्हायला?”

मग मला तिला सगळं सांगावं लागलं. विहीर, गोजरबाई, पाटी. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. पाटीचं ऐकून ती माझ्यासमोर बसली.

“म्हणजे माझ्यामुळं न्हाई टाकली?”

“तुझ्यामुळं म्हणजे... लग्न ठरलं होतं.”

“आजून बोलला तर न्हवता माझ्याशी.”

“पाहिलं होतं ना. एकदा.”

ती हसली नाही, पण पत्र तिने हळू घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं. “उद्या जा आन सांगा,” ती म्हणाली. “चुकलात तर काय हुईल? चार फूट खोदतील आन म्हणतील, म्हातारा येडा हे. तसंही शहाणा कोण म्हणून राह्यलंय तुम्हाला?”

“आणि बरोबर निघालं तर?”

“तर काय?”

“नकाशावर माझी सही आहे.”

“चाळीस वर्षांत कोणी वाचली का ती?” ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. पुलाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर, वळणरस्त्याच्या मधोमध, एक मजूर फावड्याने मुरूम पसरत होता. जमीन तिथे ताटासारखी खोलगट झाली होती. मला आठवलं की, परवाही तो तिथेच मुरूम टाकत होता.

“रोज टाकावा लागतो का?” मी विचारलं.

“रोजच. रोलर फिरवला तरी बसतंय पुन्हा. जागाच खराब हे.”

मी भिंतीकडे पाहिलं आणि पावलं मोजली. गाड्या थांबलेल्या होत्या, त्यामुळे मोजता आली. चौदा भरली. तेव्हा माझी पावलं मोठी होती की लहान, हे मला सांगता येणार नाही. पण मी तिथून सरळ पत्र्याच्या ऑफिसात गेलो, नाहीतर पुन्हा घरी गेलो असतो.

आत आकांक्षा नावाच्या इंजिनिअर बसल्या होत्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. टेबलावर हेल्मेट आणि अर्धवट खाल्लेले पोहे होते. वाहतूक वळवण्याचा आराखडा त्यांचाच. मी म्हणालो, “इथे एक विहीर आहे.”

“हो काका, माहीत आहे.” त्यांनी पोहे बाजूला सारून एक मोठा कागद उलगडला. “जुन्या नकाशात दाखवली आहे. ही बघा.”

नकाशा माझाच होता. शाईने काढलेल्या मूळ कापडाची ती प्रत होती. ‘नाला’ या शब्दातला माझा ‘ना’ मी लगेच ओळखला. वर्तुळ, फुली, ‘बुजविलेली विहीर’. ती रस्त्याच्या खालच्या बाजूला होती. म्हणजे अंबडकडे.

“म्हणून तर आम्ही वळणरस्ता मुद्दाम जालन्याकडून घेतला,” आकांक्षा म्हणाल्या. “अंबडकडून सोपा होता. पण बुजवलेली असली तरी विहिरीवरून जड गाड्या नकोत, असं मीच म्हटलं.”

मी त्या वर्तुळाकडे पाहत राहिलो आणि मला तो दिवस दिसला. नाल्याचा निळा रंग आम्ही कापडाच्या मागच्या बाजूने भरत असू, म्हणजे पुढची शाई फुटत नसे. साहेबांनी विहीर दाखवायला सांगितली तेव्हा कापड रंग वाळण्यासाठी टेबलावर, वरची कड खाली आणून, पालथं पडलेलं होतं. मी ते सरळ करायची वाट पाहिली नाही. विहीर जालन्याकडे, म्हणजे रस्त्याच्या वर, म्हणून मी पालथ्या कापडावर रस्त्याच्या वर वर्तुळ काढलं. कापड सरळ केल्यावर ते खाली आलं. मग मी वर्तुळ जिथे दिसलं तिथेच शेजारी अक्षरं लिहिली. ती अक्षरं खोटी आहेत हे मला माहीत होतं आणि मला ती लवकर उरकायची होती. मी रस्त्याकडे पाहिलंच नाही.

“हा नकाशा मी गिरवला आहे,” मी म्हणालो. “विहीर चुकीच्या बाजूला काढली गेली. आणि ती बुजवलेली नाही. झाकलेली आहे.”

आकांक्षा खुर्चीत सरळ झाल्या. “खात्री आहे काका?”

“नाही,” मी म्हणालो.

तेवढ्यात भागवत दारात आला. “मॅडम, क्रेनवाल्याचा फोन आल्ता. जालना सोडलं त्यानं. बारापर्यंत येतो म्हणला. लाइन खाली करून ठेवू ना डायव्हर्जनवरची?” मग त्याने मला पाहिलं. “बाबा, तुम्ही इथं काय करून राह्यले?”

क्रेन त्याच वळणरस्त्याने येणार होती आणि पुलाच्या भिंतीशेजारी पाय रोवून गर्डर उचलणार होती. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“काका,” आकांक्षा म्हणाल्या, “काही तरी सांगा. विहीर याच बाजूला होती हे कशावरून? आत्ता पावलं मोजली ते सोडून.”

मी आठवू लागलो. समोर दोन माणसं पाहत असताना मला आठवायला फार वेळ लागतो. मी डोळे मिटले, ते त्यांना कसं दिसलं असेल कोण जाणे.

“स्लॅबा बसवून झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे तोंड करून, भिंतीला टेकून जेवलो,” मी म्हणालो. “चांदपाशांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. फाल्गुनातलं ऊन होतं. पुलाची भिंत नुकतीच झाली होती आणि आम्ही तिच्या सावलीत होतो. दुपारी.”

आकांक्षा एक क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. फाल्गुनात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, आणि फाट्यावर दक्षिणेला अंबड आहे. सावली जालन्याच्या अंगालाच पडणार.

“भागवत, डायव्हर्जन बंद करा,” त्या म्हणाल्या. “क्रेनला आहे तिथे थांबवा. आणि पोकलेन खाली आणा.”

“मॅडम, दीड किलोमीटर लाइन हे! ऊसवाले मला फाडून खातील. आन ह्या बाबाला सोत्ताच खात्री न्हाई म्हणून राह्यले.”

“रोज मुरूम कुठे टाकता तुम्ही?”

भागवत दारातूनच वळला. शिट्टी तोंडात घालून बाहेर गेला.

“काका, एक गोष्ट,” आकांक्षा म्हणाल्या. “एवढी वाहतूक थांबवायची तर मला वर कळवावं लागतं. तुम्ही हे लेखी द्याल?”

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. अडीच महिन्यांत मला दोन ओळी लिहिता आल्या नव्हत्या. मी लिहिलं : ‘१९८२ च्या नकाशातील विहीर मी गिरवताना चुकीच्या बाजूस दाखविली. ती बुजविलेली नसून नऊ स्लॅबांनी झाकलेली आहे. हे मी आठवणीने सांगत आहे. मला पूर्ण खात्री नाही.’

त्यांनी वाचलं. “शेवटचं वाक्य काढलं तर बरं होईल काका. ते वाचून वरचे म्हणतील, मग थांबवलं कशाला?”

“ते काढलं तर मला सही करता येणार नाही.”

त्यांनी पुन्हा वाचलं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “राहू द्या.” मी सही केली.

बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. एक ट्रॅक्टरवाला बॉनेटवर चढून ओरडत होता, “ओ मॅडम, ऊस वाळून चालला! कारखान्यावर काय चिपाडं नेऊ?” भागवत त्याला उलट ओरडत होता, “चघळत बस तोवर, दात मजबूत होतील!” पोकलेन खाली आलं. आकांक्षांनी ऑपरेटरला बाजूला उभं राहून लांबून खरवडायला सांगितलं. मी अंबडच्या रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. विहीर निघू नये असं मला वाटत होतं, हे इथे लिहिणं भाग आहे. निघाली नसती तर मी फक्त एक वेडा म्हातारा ठरलो असतो.

तिसऱ्या फुटाला बकेटचे दात कशावर तरी घासले. तो आवाज दगडाचा नव्हता. माती बाजूला ओढल्यावर स्लॅबची कड दिसली, मग शेजारची. तिसरी स्लॅब मधोमध मोडून खाली लोंबकळत होती. फक्त सळ्यांनी धरून ठेवली होती. रोज टाकलेला मुरूम त्या फटीतून खाली जात होता. ऑपरेटरने कोणी न सांगता मशीन मागे घेतलं.

भागवत पोटावर झोपून पुढे सरकला आणि त्याने फटीत एक खडा टाकला. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. तो उठला, कपडे झटकले नाहीत.

“दहा दिवस झाले,” तो म्हणाला, “मी ह्याच्यावरच उभं राहून गाड्या सोडून राह्यलो.”

आकांक्षा फोनवर होत्या. भागवतने एका मजुराला सांगून मला चहा आणून दिला.

वळणरस्ता सहा दिवस बंद राहिला. मोठ्या गाड्या दुसऱ्या तालुक्यातून फिरवल्या. त्या सहा दिवसांत विहिरीत मोठे दगड आणि पुलाचंच फोडलेलं काँक्रीट टाकून ती वरपर्यंत भरली. मी पाहायला गेलो नाही. सुरेखाने विचारलं, “पहिली पाटी कोणी टाकली?”

“मशीनने.”

“बरं झालं. मशीनला काय वंश, काय बुडणं.”

सातव्या दिवशी क्रेन आली आणि तीन दिवसांत गर्डर उचलले गेले. आकांक्षा मला फाट्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या की, माझा कागद जुन्या नकाशाला जोडून ठेवला आहे. मी विचारलं, “शेवटच्या वाक्यासकट?” त्या म्हणाल्या, “जसाच्या तसा.”

मग चांदपाशांचं उत्तर उरलं.

मी ते चार वेळा लिहिलं. पहिलं तीन पानी झालं. त्यात कापडाची मागची बाजू, निळा रंग, शाई असं सगळं होतं. सुरेखाने वाचून म्हटलं, “ह्यात त्यांनी विचारलेलं कुठं हे?” दुसऱ्यात माफी इतकी झाली की, विहीर एका ओळीत आली. तिसऱ्यात मी लिहून गेलो की, तुमचं पत्र मला उशिरा मिळालं. ते वाक्य किती सहज उतरलं, याचं मला आश्चर्य वाटलं. मी तो कागद फाडला. चौथं पत्र असं होतं :

‘चांदपाशाभाई, सलाम. विहीर जालन्याकडच्या अंगाला होती. नकाशात मी ती चुकून अंबडकडे काढली, त्यामुळे कच्चा रस्ता नेमका तिच्यावरून गेला. मी सांगितलं, त्यांनी खोदून पाहिलं. तुमच्या नऊ स्लॅबांपैकी आठ शाबूत होत्या, एक मोडली होती. त्रेचाळीस वर्षं त्यांनी दम धरला. कोणाला काही झालं नाही. आता विहीर खरोखरच भरली आहे. आमेरला त्या रस्त्याने जाऊ द्या. साहेबांना ‘झाली’ असं तुम्ही सांगितलं, पण लिहिलं मी, आणि पाटीही मीच खाली ठेवली होती. तसं आताच्या साहेब लोकांना सांगितलं आहे. तुमचं पत्र मला दिवाळीनंतर लगेच मिळालं होतं. टपालाचा दोष नाही. उशीर माझा. कहकशाला आशीर्वाद. तुमचा, रामप्रसाद.’

पाटीचं मी आकांक्षांना सांगितलं नव्हतं. ते लिहून झाल्यावर लक्षात आलं. म्हणून त्या दुपारी पुन्हा फाट्यावर गेलो आणि सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, चोविसाव्या वर्षी मीही ठेवली असती.” भागवत तिथेच होता. तो म्हणाला, “मी तर पाटी घेऊन पळालो असतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंबडच्या पोस्टात गेलो. खिडकीवर गर्दी होती, पण मला तिकीट घ्यायचं नव्हतं. पत्ता पुन्हा वाचला, डिंक नीट चिकटला आहे का ते पाहिलं. पेटीच्या फटीत पत्र अर्धं घातल्यावर मनात आलं की, ‘दम धरला’ हे स्लॅबांबद्दल बरोबर वाटेल का. मागे एक बाई हातात पाकीट घेऊन उभ्या होत्या.

“टाकता का काका?” त्या म्हणाल्या.

मी टाकलं.